भाव उतरलेत म्हणे

ड्राय फोर्क, ओक्लाहोमा
२ नोव्हेंबर

शेल्बी,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पाकिटावरचं अक्षर माझं आहे, बाबाचं नाही, तेव्हा न फोडता फेकू नकोस. फेकलंस तरी मला कुठे कळणार आहे म्हणा.

विशेष काही नाही. सगळं ठीक आहे. वारा सुटलाय, तो इथे कधी नसतो?

पंपावर आज पेट्रोलचा भाव पुन्हा उतरला. गॅलनला दोन-एकोणचाळीस. सकाळी मालकाचा, रॉइसचा, फोन येतो, "लव्हर्न, दहा सेंटने खाली घे," की मी तो लांब दांडा घेऊन बाहेर. टोकाला रबराची वाटी, तिने बोर्डावरचा जुना आकडा ओढून काढायचा आणि नवा बसवायचा. लहानपणी तुला ते बघायला फार आवडायचं. आता बघितलंस तर म्हणशील, आई, साठीला आलीस, वाऱ्यात पडशील. नाही पडत.

भाव उतरला की गिऱ्हाइकं खूश. टाकी भरतात आणि वर एक वेफर्सचं पाकीट जास्त घेतात. आणि भाव उतरला की आपल्याकडे आणखी एक तेलविहीर बंद पडते. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पण दोन्ही गोष्टी एका दमात कुणी बोलत नाही. सकाळी पंपाच्या दुकानातल्या टेबलावर म्हातारे कॉफी प्यायला जमतात ना, ते आधी अर्धा तास स्वस्ताईबद्दल बोलतात, मग कप पुन्हा भरून घेतात, मग कोण कोण घरी बसलं त्यांची नावं घेतात.

तुझ्या बाबाला तेलकंपनीने सप्टेंबरात घरी बसवलं. तुला ते माहीत आहे, कारण तू त्याला मेसेज पाठवला होतास. "ज्यांना मत दिलंत त्यांच्याकडेच मागा आता पगार." त्याने मला दाखवला नाही, फोन टेबलावर उघडा राहिला होता, मी वाचला. त्यावर मी काही बोलणार नाही. सरकारी आरोग्य खात्यातली तुझी नोकरी गेली तेव्हा तो जेवताना काय म्हणाला, तेही माझ्या कानात आहे. "आमच्या टॅक्सवर बसून खाणारे तेवढेच कमी झाले." तू ताट तसंच टाकून उठलीस आणि गाडी काढलीस. आता तुम्हा दोघांची फिटंफाट झाली असं धरू का? कंटाळा आला गं मला.

पंपावरचे स्टिकर खरवडायचं काम अजून माझ्याकडेच आहे. मागे भाव चढले होते तेव्हा आधीच्या राष्ट्राध्यक्षांचं चित्र, आकड्याकडे बोट दाखवणारं, "ही माझी करणी." त्यातले निम्मे तुझ्या बाबाने चिकटवलेले. दुपारी तो चिकटवायचा, संध्याकाळी मी खरवडायची. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याला एवढा ओव्हरटाइम मिळाला की आपण मासेमारीची बोट घेतली. आता दुसऱ्या पक्षाची माणसं येतात आणि अंडी महागली म्हणून अंड्यांच्या फ्रीजवर आताच्या साहेबांचं चित्र चिकटवून जातात. तेही मीच खरवडते. ब्लेड तेच.

बोट विकली.

बाबा ठीक आहे. आरामखुर्चीत असतो, टीव्ही चालू असतो. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

— आई


१८ नोव्हेंबर

शेल्बी,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं, पण आलं. मी ते पंपाच्या मागच्या खोलीत वाचलं आणि ॲप्रनच्या खिशात ठेवलं.

तू नेमकं नको तिथे बोट ठेवलंस. "विम्याचं काय झालं? बाबाच्या गोळ्या?" बरं, आता विचारलंसच तर सांगते. कंपनीचा विमा नोकरीबरोबर गेला. रॉइस विमा देत नाही, कुणालाच देत नाही. रक्त पातळ ठेवायच्या त्या गोळ्या, रोज सकाळी एक, रात्री एक, विम्याशिवाय महिन्याला पाचशे डॉलरच्या वर जातात. औषधाच्या दुकानातल्या बाईने मला आकडा कागदावर लिहून दाखवला. बिचारीला तोंडाने सांगायची लाज वाटली.

बाटली महिन्यात संपायला हवी होती. संपली नाही. मग एकदा मी ती त्याच्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाला, "एकीवर भागतं मला. डॉक्टर लोक दुकानं चालावीत म्हणून दोन लिहितात."

"डॅरेल, हृदयात गुठळी झाली होती तुझ्या."

"झाली होती. गेली."

तू लिहितेस की आमची मिळकत आता एवढी खाली आली आहे की सरकारी योजनेत दोघंही बसतो, गोळ्या जवळजवळ फुकट मिळतील. मला माहीत आहे ते. पण तुला हेही माहीत आहे की ती योजना वाढवायची की नाही यावर मत घेतलं तेव्हा तुझा बाबा आणि त्याचा तो दोस्त बक दोघं घरोघर फिरले होते. "नाही म्हणा" म्हणून. अंगणात पाटी लावली होती, ती वाऱ्याने पडली की पुन्हा लावायचा. आता त्याच योजनेत नाव घालायचं? मी विषय काढला तर म्हणाला, "दुसऱ्या पक्षाच्या लोकांचं ते कार्ड माझ्या खिशात सापडलं ना, तर मला त्या खिशासकट पुरा."

आणि तू लिहितेस, "नव्या नोकरीत मी दिवसभर परक्यांचे अर्ज भरते, बाबाचा दहा मिनिटांत भरीन. पण त्याने मला स्वतः विचारायला हवं." ते मी त्याला सांगितलं. तो टीव्हीकडे बघत म्हणाला, "तिने आधी तो मेसेज परत घ्यावा."

तो म्हणतो तू आधी, तू म्हणतेस तो आधी. मी दोघांच्या मध्ये उभी राहून भांडी पुसते.

थँक्सगिव्हिंगला येणार नाहीस हे धरून चालते. टर्की आणत नाही, कोंबडीच करीन.

— आई


३० नोव्हेंबर

शेल्बी,

कोंबडी बरी झाली होती. मक्याचा पाव थोडा करपला.

हे तुला लिहू नये असं सकाळपासून ठरवत होते. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी जेवताना बाबाच्या हातातून काटा पडला. मला वाटलं निसटला. मग तो उचलायला गेला तर हात जागचा हलेना. तोंडाची एक बाजू खाली आली. "लव्हर्न" म्हणायला गेला आणि तोंडातून भलताच आवाज आला. माझ्याकडे बघत होता, आणि त्याला कळत होतं की आपल्याला बोलता येत नाहीये.

मग आलं सगळं जागेवर. हात हलला. पहिलं वाक्य काय बोलला माहीत आहे? "फोन ठेव खाली." मी ॲम्ब्युलन्सला फोन लावत होते.

"ॲम्ब्युलन्सचं बिल कोण भरणार? हात बधिरला होता, बस. खुर्चीत वाकडा झोपलो होतो."

"शेल्बीला तरी फोन करते."

"तिला? टाळ्या वाजवेल ती."

मी म्हटलं, असं बोलू नकोस. तो रडला नाही, पण मान वळवून खिडकीकडे बघत बसला. मग मी ताटं उचलली, धुतली, उरलेली कोंबडी डब्यात भरली. मला खरं सांगू? काही वाटलं नाही. भीती वाटायला हवी होती. मी फक्त डब्याचं झाकण शोधत होते.

तुला कळतं या गोष्टीतलं, माझ्यापेक्षा जास्त. तेव्हा मला समजावून सांगू नकोस की हा इशारा होता आणि पुढच्या वेळी सगळं जागेवर येईलच असं नाही. ते मला ठाऊक आहे. त्याला दोन गोळ्या मिळाल्या पाहिजेत. माझ्या डोक्यात सध्या दुसरं काहीच नाही. बोटीचे पैसे ट्रकच्या हप्त्यांत गेले, तेव्हा तो विषय काढू नकोस. तू पैसे पाठवायचं म्हणशील तर तेही नको. तुझं घरभाडं काय आहे ते मला माहीत आहे, आणि तुझे पैसे त्याने घेतले असते तर मग काय हवं होतं.

त्याने विचारावं म्हणून अडून बसलीस तर बसलीस. मी तुला दोष देत नाही. दोष द्यायला घरात एक जण पुरेसा आहे, दिवसभर टीव्हीसमोर बसून तोच देतो.

— आई


१२ जानेवारी

शेल्बी,

माझ्या हातून मोठा घोळ झाला. गावभर झालंय, तुला कुणी ना कुणी सांगेलच, तर माझ्याकडूनच ऐक.

शुक्रवारी सकाळी रॉइसचा फोन. "दोन-एकोणीस कर." बाहेर गारठा असा की डोळ्यांतून पाणी. हातमोज्यांनी आकडे धरता येत नाहीत म्हणून काढले, तर बोटं बधिर. कसेबसे तिन्ही आकडे चढवले आणि पळत आत. आता आमची रीत अशी, की बोर्डावर एक आणि पंपाच्या मशीनमध्ये दुसरं असं होऊ नये म्हणून मी काचेतून बोर्डाकडे बघते आणि तिथे दिसेल तोच भाव मशीनमध्ये घालते. इतकी वर्षं तसंच करत आलेय. त्या दिवशी बोर्डावर होतं एक-एकोणतीस. दोनच्या जागी एक गेला होता आणि एकच्या जागी दोन. मी बघितलं आणि तेच घातलं. एक-एकोणतीस! तुझ्या शाळेच्या दिवसांतसुद्धा क्वचित असायचा तो भाव. तरी मला काही खटकलं नाही. हल्ली मला खटकतच नाही काही.

आधी बकने पाहिलं. हातातली कॉफी तशीच ठेवून बाहेर पळाला. मग त्याने फोन फिरवले. बघता बघता रांग धान्याच्या कोठारापर्यंत गेली. हॉर्न, आरडाओरडा, ट्रकच्या मागे उभं राहून कुणी टोपी फिरवतंय. लोकांनी डबे आणले, कॅन आणले. एक जण जनावरांना पाणी पाजायची टाकी घेऊन आला, त्याला मात्र मी हाकललं. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "करून दाखवलं! साहेबांनी करून दाखवलं!"

त्या रांगेत आपला ट्रक. तुझा बाबा आत आला तो दाढी केलेला. किती आठवड्यांनी मी त्याची हनुवटी बघितली. टेबलावर अर्नेस्ट बसला होता. तोच गं, तुमची शाळेची बस चालवायचा तो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्या टेबलावर दुसऱ्या पक्षाचा म्हणून तो एकटाच, त्यामुळे सगळ्यांची चेष्टा त्याच्याच वाट्याला.

"काय मास्तर, बघितलात का बोर्ड?" बाबा म्हणाला.

"बघितला. डॅरेल, काहीतरी चुकलंय. या भावात रॉइसला पंप विकावा लागेल."

"चुकलं ते तुमचं. चार वर्षं आमचा खिसा कापलात. आता आमचे दिवस आले तर बघवत नाही."

"न बघवायला काय झालं? बायको गाडी घेऊन रांगेतच आहे माझी!"

सगळे खो खो हसले. बाबासुद्धा. शेल्बी, तो हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लव्हर्न, तूच सांग याला. भाव खरा की नाही?"

अर्नेस्ट बोलला तेव्हाच मी बोर्डाकडे बघितलं होतं आणि मला चूक दिसली होती. सांगायचं होतं, थांबा, मशीन बंद करते, माझी चूक झाली. पण समोर हा, दाढी केलेला, ताठ उभा, सगळं टेबल त्याच्याकडे बघतंय. मी म्हटलं, "रॉइसने सांगितलाय तोच भाव."

त्याने अर्नेस्टला कॉफी पाजली. स्वतःच्या पैशाने.

पुढे रॉइस आला. ओरडला नाही. बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मशीन बंद केलं. नुकसान दर आठवड्याला माझ्या पगारातून थोडं थोडं कापणार आहे, पण नोकरी राहिली. त्याच्या जागी दुसरा असता तर मला हाकललं असतं.

घरी आल्यावर मी बाबाला सरळ सांगितलं, "आकडे मीच उलटे लावले होते." तर म्हणतो कसा, "तुझी कसली चूक? भाव खराच होता. रॉइसच्या पोटात दुखलं. तो आधीपासून त्यांचाच माणूस." अगं, रॉइसने आयुष्यात एकदासुद्धा मत दिलेलं नाही! तो म्हणतो, मतदानाच्या दिवशी गिऱ्हाईक जास्त असतं.

पण त्या दिवशी बाबा पोटभर जेवला. घेवड्याचे दाणे दोनदा मागून घेतले. मी समोर बसून बघत होते आणि विचार करत होते. काय विचार, ते आत्ता लिहीत नाही.

— आई


२७ जानेवारी

शेल्बी,

रविवारी पंपाच्या फोनवरून केला म्हणून तू उचललास, नाहीतर उचलला नसतास. असो. उचललास हे महत्त्वाचं.

मी पुन्हा लिहून कळवते म्हणजे तुझ्या मनात शंका नको. बाबाने हो म्हटलं. त्या काट्याच्या प्रसंगानंतर त्याला आतून धास्ती बसली होतीच. तोच म्हणाला, "शेल्बीला विचार, तिला या कामातलं कळतं." असं म्हणाला म्हणून मी तुला सांगितलं. मग तू नाक ओढल्याचा आवाज आला.

तुझा कामाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "अर्जदाराचं नाव? महिन्याची मिळकत? घरात माणसं किती?" मी म्हटलं तीन. तू म्हणालीस, "आई, दोन." बरं बाई, दोन.

अर्ज माझ्या नावाने, त्यात नवरा म्हणून त्याचं नाव, सही माझी, हे बरं झालं. त्याला कागदांचा कंटाळा. टपालाचा पत्ता पंपाचा दिला, कारण आपली पेटी रस्त्यावरून जाणारी पोरं बॅटने फोडतात. मागच्या महिन्यात दोनदा फोडली. हे मी तुला फोनवरही सांगितलं होतं, तरी तू पुन्हा विचारलंस.

त्याला तू फोन करू नकोस एवढ्यात. लाजतोय तो. वेळ दे थोडा.

तू "आई, काळजी घे" म्हणालीस. घेते.

— आई


२२ मार्च

शेल्बी,

तुझं पत्र मिळालं. ईस्टरला येतेस. तिकीट काढलंस. "बाबाने मला विचारलं, तेवढंच मला पुरे होतं. मीही त्याच्याजवळ बसून त्या मेसेजबद्दल बोलेन," असं लिहिलंयस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि आता मला हे लिहिणं भाग आहे, कारण तू येऊन त्याच्याजवळ बसलीस आणि हा विषय काढलास तर सगळं संपेल.

बाबाने तुला विचारलं नाही. बाबाने हो म्हटलं नाही. त्याला योजनेबद्दल, अर्जाबद्दल, कार्डाबद्दल काहीच माहीत नाही. मी तुझ्याशी खोटं बोलले. पेटी फोडतात ते खरं आहे, पण पत्ता त्यासाठी दिला नव्हता.

कार्ड फेब्रुवारीत आलं. मी ते पंपावरच, रॉइसच्या तिजोरीत ठेवते. औषधाच्या दुकानातली बाई पहिल्याच दिवशी मोठ्याने म्हणाली, "अरे वा लव्हर्न, नवं कार्ड!" मागे बकची बायको उभी होती. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यासाठी. घरी आले, भरलेली बाटली टेबलावर ठेवली आणि बाबाला म्हटलं, "आता रोज दोन घे. दुकानात सांगितलं, भाव उतरलेत म्हणे."

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "गोळ्यांचे?"

"गोळ्यांचे."

"कुणामुळे?"

"कुणामुळे असणार?" एवढंच म्हणाले मी. शपथेवर सांगते, मी कुणाचं नाव घेतलं नाही. त्यानेच घेतलं. खुर्चीतून उठून बाटली हातात घेतली, उजेडात धरली, आणि म्हणाला, "म्हटलं नव्हतं मी तुला? थोडा धीर धरायचा असतो. पेट्रोल आधी, मग बाकीचं." आणि पाणी न घेता दोन गोळ्या गिळल्या. मी म्हटलं, एक आत्ता, एक रात्री. तो म्हणाला, "हो हो."

त्या दिवसापासून तो नेमाने घेतो. मी बघते. हातात जोर आलाय. बकच्या पुतण्याकडे कुंपणं घालायचं काम मिळालंय, आठवड्यातून तीन दिवस. पैसे थोडेच आहेत, पण खुर्ची रिकामी असते.

मला वाटलं होतं तो घरात बोलेल आणि विसरेल. तो तुझा बाप आहे, विसरतो कसला. टेबलावर जाऊन रोज सांगायला लागला. "पाचशेची गोळी, आता दहाच्या आत! कुणी केलं? बोला की मास्तर, आता का गप्प?" दोन दिवसांनी सगळे गेल्यावर अर्नेस्ट काउंटरपाशी आला. कॉफीचे पैसे दिले आणि तिथेच उभा राहिला.

"लव्हर्न," तो हळू आवाजात म्हणाला, "माझी बायको तीच गोळी घेते. कालच आणली. भाव तोच आहे."

मी सुट्टे पैसे त्याच्या हातावर ठेवले. माझं तोंड बहुतेक सगळं सांगत होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग खिडकीतून बाहेर कुंपणाच्या तारा ट्रकमध्ये चढवणाऱ्या तुझ्या बाबाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी बाबाने पुन्हा सुरुवात केली. "काय मास्तर, गोळ्यांचं काय?" सगळे अर्नेस्टकडे बघायला लागले. मी कॉफीचं भांडं धरून उभी होते. अर्नेस्ट म्हणाला, "हो. आमच्याकडेही उतरला भाव. ज्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे." टेबलावर मुठी आपटल्या, शिट्ट्या वाजल्या. बकने त्याच्या डोक्यावर आपली साहेबांच्या प्रचाराची लाल टोपी घातली. कॉफी संपेपर्यंत ती त्याने डोक्यावर ठेवली. सगळा जन्म त्या टेबलावर एकट्याने वाद घालत काढलेला माणूस. मी मागच्या खोलीत जाऊन पेपर कपांच्या खोक्यावर बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

आता तुझं. अर्ज तू भरलास. ज्या योजनेसाठी तू भांडलीस, त्याच योजनेच्या गोळ्यांवर तुझा बाबा कुंपणं घालतोय, आणि श्रेय देतोय तुझी नोकरी काढून घेणाऱ्या माणसाला. ईस्टरच्या जेवणात तो हे सांगणार. तू आल्या आल्या सांगणार, आणि मुद्दाम तुझ्याकडे बघत सांगणार. तो मेसेज आहे अजून त्याच्या मनात. म्हणेल, "काय गं शेल्बी, तुमच्या लोकांना जमलं होतं का हे?" तुला खरं माहीत असेल. पुरावा रॉइसच्या तिजोरीत असेल. तुझ्याइतकं बरोबर त्या टेबलावर कुणीच नसेल, आणि तुला तोंड उघडता येणार नाही. कारण तू एक शब्द बोललीस की तो त्याच संध्याकाळी बाटली कचऱ्यात टाकील. मी ओळखते त्याला. मरेल, पण घेणार नाही.

त्याने तुला कधीच विचारलं नाही, हेही तुला पोटात ठेवावं लागेल. त्याबद्दल मला माफ कर म्हणत नाही. तुझ्याकडून दुसऱ्या कशाने अर्ज भरून घेता आला असता, मला सुचलं नाही.

मला तू यायला हवी आहेस. तुझी खोली झाडून ठेवली आहे, चादर बदलली आहे. हॅम आणणार आहे, रॉइस अर्ध्या किमतीत देतो म्हणाला. पण तू येण्याआधी स्वतःला नीट विचार. ते जेवण, तो बोलत असताना, खाली मान घालून नाही, त्याच्या तोंडाकडे बघत तुला जेवता येईल का? येणार असेल तर शनिवारी मी विमानतळावर घ्यायला येईन.

जमणार नसेल तर तिकीट परत कर. येऊ नकोस, शेल्बी. मी त्याला सांगेन, तुला सुट्टी मिळाली नाही.

— आई